तुजा लक्ष खंय आसा?



मालवणीत मोठ्या माणसांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक प्रश्न आहे: "तुजा लक्ष खंय आसा?" म्हणजे, तुझं लक्ष कुठे आहे? हातातलं भांडं पडलं, हिशोब चुकला, मारलेली हाक ऐकू आली नाही, की हा प्रश्न ठरलेला. माझी पीएचडी म्हणजे खरं तर याच प्रश्नाचा पाठपुरावा आहे. माणसाचं लक्ष एका वेळी कुठे असतं, तिथून ते कशामुळे हलतं, आणि एकदा हललं की डोळ्यांसमोरची गोष्टसुद्धा कशी दिसेनाशी होते, हा माझा विषय.

एरवी मी इथे प्रयोगशाळेतल्या पडद्यावरच्या ठिपक्यांबद्दल आणि चौकोन-वर्तुळांबद्दल लिहिते. आज तेच सगळं किनाऱ्यावर नेऊन बघूया. कारण सुट्ट्या लागल्या की कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या गाड्या तारकर्ली, देवबाग, वायरी, चिवल्याकडे वळतात, आणि अधूनमधून नको ती बातमीही येते. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आठ जण वायरीच्या समुद्रात बुडाले. त्या दिवशी नेमकं काय झालं, कोणाचं चुकलं, याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. भर दिवसा, माणसांनी भरलेल्या किनाऱ्यावर, सगळ्यांची तोंडं समुद्राकडेच असताना संकटात सापडलेला माणूस वेळेवर दिसणं इतकं अवघड का असतं?

उत्तर आधीच सांगून टाकते, मग एकेक पायरी बघू. समुद्रावर धोका दिसायला शांत असतो आणि लक्ष वेधून घेणाऱ्या बाकीच्या गोष्टी भडक असतात. आपलं लक्ष मुळातच भडक गोष्टीकडे धावतं. त्यामुळे "नीट लक्ष ठेव रे" एवढं सांगून भागत नाही. लक्ष ठेवण्याची सोय लावावी लागते.

अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी

एक छोटा प्रयोग करा. हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग आपल्याला एका क्षणी अगदी स्वच्छ दिसतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक लहानसा खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. बारीक तपशील टिपणाऱ्या पेशींची सगळ्यात जास्त दाटी तिथे असते. त्याच्या बाहेर चित्र झपाट्याने धूसर होत जातं. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळे न हलवता तीन ओळी खालचं वाचायचा प्रयत्न करा. नाही जमत.

मग सगळं जग आपल्याला स्वच्छ कसं वाटतं? कारण डोळा सतत उड्या मारत असतो, सेकंदाला तीन-चार. प्रत्येक उडीच्या दरम्यान दिसणं जवळपास बंदच असतं, आणि मेंदू ते तुकडे जोडून आपल्याला अखंड चित्र दाखवतो. जोड इतका बेमालूम असतो की आपल्याला वाटतं, समोरचं सगळं आपण एकाच वेळी बघतोय.

आता किनाऱ्यावर या. शंभर मीटरवर पाण्यात असलेल्या माणसाचं फक्त डोकं वर आहे. ते तुमच्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीच्या साधारण दहाव्या-बाराव्या हिश्श्याएवढं दिसेल. वायरीपासून देवबागपर्यंत पसरलेल्या एवढ्या पाण्यात ते डोकं सापडायचं, तर नखाएवढी ही खिडकी नेमकी तिथे जायला हवी. ती कुठे जाईल हे ठरवतं लक्ष.

लक्ष आपण देतो, आणि ते ओढलंही जातं

लक्ष दोन मार्गांनी हलतं. एक मार्ग आतला: मी ठरवते की लाल टोपीवाली माझी भाची शोधायची, आणि नजर लाल रंगामागे जाते. दुसरा मार्ग बाहेरचा: कडेला काहीतरी चमकलं, हललं, अचानक उगवलं, की माझी परवानगी न विचारता लक्ष तिकडे जातं.

या दुसऱ्या मार्गावर यान थेयुवेस या डच संशोधकाने १९९२ साली केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पडद्यावर बरेच आकार, त्यात एकच वेगळा. तो शोधायचा. सोपं काम. मध्येच बाकीच्या आकारांपैकी एकाचा रंग वेगळा केला जातो. लोकांना आधीच सांगितलेलं असतं की रंगाचा कामाशी काही संबंध नाही, तिकडे दुर्लक्ष करा. तरीही तो रंगीत आकार पडद्यावर असला की उत्तराला उशीर होतो. लोकांना दुर्लक्ष करायचं असतं, पण ते पूर्ण जमत नाही.

हा उशीर सेकंदाच्या बारीक अंशाचा असतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय बिघडतं? पडद्यावर एकच रंगीत आकार होता म्हणून एवढासा उशीर. किनाऱ्यावर असे आकार किती असतात मोजा. वर पॅरासेलिंगची रंगीबेरंगी छत्री, खाली पाणी कापत जाणारी जेट-स्की, तिच्यामागे पांढरा फेस, बनाना राइडवरून मुद्दाम पाण्यात पाडलेली आणि आनंदाने किंचाळणारी मंडळी. यातली प्रत्येक गोष्ट हलते, चमकते किंवा अचानक समोर येते. प्रत्येक वेळी नजर तिकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. आणि परत येते तेव्हा ती आधीच्याच जागी येईल असंही नाही.

यातला बनाना राइडचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. तिथे पाण्यात खरोखरच डोकी असतात, हात हलत असतात, आरडाओरडा असतो. म्हणजे "बुडणारा माणूस" म्हणून आपल्या डोक्यात जे चित्र असतं, ते हुबेहूब तिथे घडत असतं, आणि त्या सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलेलं असतं.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही

ते डोक्यातलं चित्र कुठून आलं? सिनेमातून. हात वर, "वाचवा, वाचवा", पाण्याचे फवारे. अडचणीत आलेला पण अजून तरंगत असलेला पोहणारा कधीकधी तसं करतो. पण प्रत्यक्ष बुडायला लागल्यावर चित्र वेगळं असतं.

फ्रँक पिया हे न्यूयॉर्कमधल्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक. त्यांनी पाण्यात बुडू लागलेल्या आणि वाचवल्या गेलेल्या माणसांचं चित्रीकरण केलं आणि १९७४ साली आपली निरीक्षणं मांडली. त्यांना दिसलं ते असं: पोहता न येणारा माणूस पाण्यात उभा असतो. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं. तोंड वर आलेल्या क्षणभरात त्याला श्वास घ्यायचा असतो, मग ओरडायला श्वास उरतोच कुठे? हात तो वर करून हलवू शकत नाही, कारण शरीर आपोआप हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबायला लागतं. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं. मग माणूस खाली जातो.

किनाऱ्यावरून हे कसं दिसेल? एक डोकं, मागे झुकलेलं, जवळजवळ जागच्या जागी. शेजारी दहा जण पाणी उडवत असतात. बघणाऱ्याला वाटू शकतं की हा निवांत उभा आहे. म्हणजे सगळ्यांत कमी हालचाल आणि सगळ्यांत कमी आवाज त्याचाच असतो, म्हणून बाहेरच्या मार्गाने लक्ष त्याच्याकडे ओढलं जाण्याची शक्यताही सगळ्यांत कमी.

शांत दिसणारा पट्टा

पाण्याच्या ओढीचंही असंच आहे. रिप करंट म्हणजे किनाऱ्याकडे आलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत समुद्राकडे धावतं तो प्रवाह. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात, त्यांच्यावर लाटा फुटतात आणि पांढऱ्या होतात. दोन उंचवट्यांच्या मध्ये जिथे खोल असतं, तिथे लाटा फुटत नाहीत किंवा कमी फुटतात. पाणी काळसर, सपाट दिसतं. परत जाणारं पाणी नेमकी हीच वाट धरतं. कधीकधी फेस किंवा गढूळ वाळू आत ओढली जाताना दिसते, पण ते बघायला उंचावर उभं राहून थोडा वेळ थांबावं लागतं.

आता पहिल्यांदाच समुद्रावर आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. दोन्हीकडे फुटणाऱ्या, आवाज करणाऱ्या पांढऱ्या लाटा आहेत आणि मध्ये शांत जागा आहे. मुलाबाळांना घेऊन तो कुठे उतरेल? लक्ष लाटांवर खिळलेलं, भीती लाटांची, म्हणून तो लाटा टाळतो आणि नेमका ओढीत उतरतो. इथे डोळ्यांनी काही चूक केली नाही. जे ठळक होतं ते त्यांनी ठळक दाखवलं. धोका ठळक नव्हता, एवढंच.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखाशी ओहोटी लागली, आमच्याकडच्या भाषेत सुकती, की नदीचं पाणीही बाहेर ओढ घेतं. वरून पाणी कितीही गुळगुळीत दिसो. स्थानिक माणूस "थंय जांव नको" म्हणतो तेव्हा तो डोळ्यांना न दिसणारी गोष्ट सांगत असतो. ते ऐकावं.

उन्हाचे शिंतोडे

आता या पाण्यावर ऊन टाका. मालवणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दुपार कलली की सूर्य समुद्राच्या बाजूला जातो आणि त्याच वेळी किनाऱ्यावर गर्दी वाढते, कारण सूर्यास्त बघायचा असतो, फोटो काढायचे असतात. म्हणजे पाण्यात माणसं सगळ्यांत जास्त असतात तेव्हाच किनाऱ्यावर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत सगळ्यांत जास्त चकाकी जाते.

चकाकीने डोळे दिपतात हे आपल्याला माहीतच आहे. पण ती आणखी एक गोष्ट करते, आणि ते कळायला १९९९ सालचा एक प्रयोग बघावा लागेल. ओरिगन, रेन्सिंक आणि क्लार्क यांनी लोकांना एक छायाचित्र दाखवलं. त्यात एक मोठा बदल होत होता, पण बदल होताच त्याच क्षणी चित्रावर इतरत्र चार-सहा ठिपके उमटायचे, गाडीच्या काचेवर चिखलाचे शिंतोडे उडावेत तसे. शिंतोडे बदलाच्या जागेवर मुळीच नव्हते. त्यांनी काहीही झाकलं नव्हतं. तरीही लोकांना तो बदल सापडेना.

असं का होतं? एखादी गोष्ट बदलली की तिथे क्षणभर हालचालीचा इशारा उमटतो आणि लक्ष त्या इशाऱ्यामागे जातं. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी इशारे उमटले, तर खरा इशारा त्या गर्दीत हरवतो. याला चेंज ब्लाइंडनेस म्हणतात, बदल डोळ्यांसमोर होऊनही न दिसणं.

लखलखणारा समुद्र म्हणजे सतत उडणारे असे हजारो शिंतोडे. मघाशी तिथे सात डोकी होती, आता सहा आहेत. हा बदल टिपायचा तर लक्ष तिथेच असायला हवं होतं. नाहीतर तो त्या झगमगाटात मिटून जातो.

यावर एक साधा उपाय आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेत ध्रुवीकृत असतो, आणि पोलराइज्ड काचेचा गॉगल नेमका तोच प्रकाश अडवतो. नुसती काळी काच सगळंच काळं करते, चकाकीही आणि डोकंही. विकत घेताना हा फरक विचारून घ्या.

डोळा तिथेच, तरी दिसलं नाही

इथपर्यंत आपण नजर दुसरीकडे जाण्याबद्दल बोललो. पण नजर योग्य जागी असूनही गोष्ट न दिसणं, हेही होतं.

१९९९ सालचाच आणखी एक प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले दोन संघ बास्केटबॉल एकमेकांकडे टाकताहेत, तुम्ही एका संघाचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत जाते. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. याला इनअटेन्शनल ब्लाइंडनेस म्हणतात.

यावर नेहमी येणारी शंका अशी, की ते सामान्य लोक होते, प्रशिक्षित माणसाचं असं होणार नाही. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन तपासायला दिले. काम गाठी शोधण्याचं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र टाकलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. आणि नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने दाखवलं की, न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावर जाऊन आली होती.

म्हणजे नजर पोचली, लक्ष पोचलं नाही. लक्ष गाठींसाठी लावलेलं होतं.

मोबाइलचा मुद्दा इथेच येतो. पडद्याकडे बघताना मूल दिसणार नाही, हे उघड आहे. पण फोन कानाला लावून समुद्राकडे बघत उभे असलेले आई-बाबा? डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर हेच तपासलं. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांना रस्त्याकडेचे जाहिरातफलक नंतर ओळखता येईनात, अगदी ज्या फलकांवर त्यांची नजर नक्की पडली होती तेसुद्धा. डोळे रस्त्यावर होते, लक्ष संभाषणात.

त्यामुळे "मी बघतच होते की" हे वाक्य खोटं नसतं. ती खरंच बघत असते.

रापणकराची नजर

मग लक्ष सगळं बाहेरच्या गोष्टींच्याच हातात आहे का? नाही, आणि याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे.

रापण ओढताना बघितली असेल. होडीतून जाळं अर्धगोलात सोडत नेतात आणि दोन्ही टोकांनी माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. पण त्याआधी कोणीतरी मासळी कुठे आहे ते बघावं लागतं. जुना जाणता रापणकर वाळूवर उभा राहून पाण्याचा जरासा बदललेला रंग, वाऱ्याशी न जुळणारी थरथर, घिरट्या घालणारे पक्षी यांवरून सांगतो की इथे मासळी आहे. तुम्ही-आम्ही शेजारी उभं राहून तेच पाणी बघतो आणि आपल्याला नुसतं पाणी दिसतं. त्याचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतील असं नाही, बऱ्याचदा वयाने अधूच असतात. त्याला काय शोधायचं ते माहीत आहे.

१९९२ सालीच चार्ल्स फोक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की बाहेरची गोष्ट लक्ष किती ओढेल, हे आपण कशाच्या शोधात आहोत यावरही अवलंबून असतं. रंग शोधत असाल तर रंग जास्त ओढतो, अचानक उगवणारी गोष्ट शोधत असाल तर ती जास्त ओढते. थेयुवेस आणि फोक यांच्या बाजूंमध्ये आमच्या क्षेत्रात कित्येक वर्षं वाद चालला. आज बहुतेक संशोधक दोन्हींत तथ्य आहे असं मानतात: भडक गोष्टीची ओढ असतेच, पण शोधाचं चित्र मनात पक्कं असेल तर ती बरीच आवरता येते. गोरिलाच्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. काळ्या संघाचे पास मोजणाऱ्यांना काळा गोरिला जास्त वेळा दिसला.

म्हणून पाण्यावर नजर ठेवणाऱ्याच्या मनात सिनेमातलं चित्र असेल तर तो हलणारे हात शोधत राहील, आणि त्याला बनाना राइड सापडेल. मनात पियांचं चित्र असेल, म्हणजे जागच्या जागी उभं डोकं, मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, किनाऱ्याकडे न सरकणारं, तर ते शांत डोकंच त्याच्यासाठी ठळक होतं. हे चित्र बदलायला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. तुम्ही आत्ता ते बदललंतही.

काहीच न घडण्याचा कंटाळा

जीवरक्षकाचं काम अवघड का असतं, याचं कारण बहुतेकांना उलटं वाटतं. लोकांना वाटतं, फार काही घडत असतं म्हणून. खरं तर बहुतेक दिवशी काहीच घडत नाही म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर पाणबुड्या शोधणारी माणसं काही वेळाने खुणा चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी ते तपासायला एक घड्याळ बनवलं. काटा टप्प्याटप्प्याने उडी मारायचा, क्वचित एखाद्या वेळी दुप्पट उडी. ती दुप्पट उडी पकडायची, दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या अर्ध्या तासातच माणसांची पकड लक्षणीय सैल झाली. ही तरबेज, मन लावून काम करणारी माणसं होती.

त्यात भर दुर्मीळतेची. जेरेमी वुल्फ यांच्या गटाने २००५ मध्ये लोकांना विमानतळावरच्या सामान तपासणीसारखं काम दिलं. शोधायची वस्तू निम्म्या वेळा सापडणार असेल, तर लोक ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवत. ती शंभरात एकदाच असेल, तर सुमारे ३० टक्के वेळा. वस्तू तीच, डोळे तेच. क्वचित दिसणारी गोष्ट "नाहीच" म्हणून मेंदू लवकर शोध थांबवतो. बुडणारा माणूस तर शंभरात एकदाही दिसत नाही.

तिसरी गोष्ट नीली लॅव्ही यांच्या १९९५ पासूनच्या कामातून पुढे आली. डोळ्यांपुढचं काम भरगच्च असेल तर असंबद्ध गोष्टी आत शिरायला जागा कमी मिळते. काम हलकं असेल तर उरलेली क्षमता आपोआप आजूबाजूला सांडते. तासन् तास मोकळ्या पाण्याकडे बघणं हे डोळ्यांना असं हलकं काम आहे. म्हणजे जेट-स्कीला वाट मोकळीच.

तेव्हा खुर्चीवर बसलेला जीवरक्षक पेंगुळलेला दिसला तर त्याला आळशी म्हणण्याआधी, त्याला किती तास एकट्याने, कोणत्या उन्हात बसवलंय ते विचारा. दर अर्ध्या तासाने माणूस बदलणं, उंच बैठक, सावली, प्रत्येकाला पाण्याचा ठरावीक तुकडा वाटून देणं, जेट-स्की आणि पॅरासेलिंगच्या जागा पोहण्याच्या जागेपासून लांब ठेवणं, हे लाड नाहीत. वर सांगितलेल्या प्रयोगांमधून सरळ निघणारी कामाची गरज आहे.

मग आपण काय करायचं?

प्रयोगशाळेतला पडदा म्हणजे समुद्र नव्हे, तिथे वारा नसतो आणि जीव धोक्यात नसतो. पण इतक्या वेगवेगळ्या प्रयोगांमधून एकच दिशा दिसते, तेव्हा सहलीला येताना तिचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. तुमच्या सहलीलाही एक नेमा. "आपण सगळेच लक्ष ठेवू" म्हटलं की कोणाचंच लक्ष नसतं. एक माणूस, पंधरा ते वीस मिनिटं, फोन दुसऱ्याच्या हातात, गप्पा नाहीत, फोटो नाहीत. पाळी संपली की पुढच्याला नाव घेऊन सांगायचं: "आता तू." एवढ्या वेळात लक्ष फारसं सैल पडत नाही आणि कोणाची सुट्टीही बुडत नाही.

राखणदाराने पाण्याकडे नुसतं टक लावून बघायचं नाही. आपली माणसं मोजायची. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, प्रत्येक चेहऱ्यावर क्षणभर थांबून. मोजण्यामुळे डोळ्यांना खरंखुरं काम मिळतं, आणि आकडा चुकला की बदल लगेच कळतो, चकाकी असो वा नसो. तरणतलावांवर जीवरक्षकांसाठी १०/२० असा एक नियम वापरतात: दहा सेकंदांत आपला भाग नजरेखालून घालायचा आणि वीस सेकंदांत संकटातल्या माणसापाशी पोचायचं. आपण जीवरक्षक नाही, पण दहा सेकंदांचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुलांना निळ्या-हिरव्या कपड्यांऐवजी भडक केशरी, लाल, गुलाबी टोप्या घाला. लक्ष भडक गोष्टीकडे धावतं ना? मग ती ओढ आपल्या कामाला लावूया.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थोडं उंचावर उभं राहून लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत ते बघा, आणि जवळच्या मच्छीमाराला किंवा हॉटेलवाल्या काकांना विचारा. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर या. दुसरा कोणी सापडला तर मागोमाग उडी टाकू नका. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा, दोर, रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, तरंगणारं जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका, आणि एका माणसाने बोट दाखवून त्याच्यावर नजर रोखून ठेवा. बोट खाली करायचं नाही. एकदा नजर सुटली की त्या झगमगत्या पाण्यात तेच डोकं पुन्हा शोधायला किती वेळ लागेल, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि पाण्यातलं कोणी बराच वेळ शांत वाटलं तर विचारा: "बरो आसंस मां?" उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर तुमच्याकडे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ नाही.